कै. जहांगीर रतनजी टाटा : वेग व विवेक

वेग हा तारुण्याचा धर्म व स्वस्थता हा वार्धक्याचा धर्म, असा जो समज आपल्या समाजात रूढ आहे, तो पुष्कळ अंशी खरा असला तरी सर्वांशी खरा नाही. साठी उलटली की मनुष्याने ओसरीवर बसावे, नातवंडांस गोष्टी सांगाव्या आणि वेगवान मोटारीचे चाक दुसऱ्याच्या हाती द्यावे, असे घरची माणसे म्हणतात. आणि त्यांच्या म्हणण्यात माया असते. उलटपक्षी, ज्याने सारी हयात वेगवान यंत्रे स्वतःच्या हाताने चालविली, त्यास असे सांगणे म्हणजे धडधाकट असता पांगळे करून बसविण्यासारखे वाटते. आमच्या खटाव तालुक्यात वाड्यावस्त्यांपर्यंत मोटारी पोहोचल्या असल्यामुळे हा वाद आता पुण्यामुंबईच्या धनिकांपुरता राहिलेला नाही; तो वडूज येथील घरांतही ऐकू येतो. मुलगा म्हणतो, बाबा, किल्ली आता माझ्याकडे द्या. आणि वडील ती मुठीत घट्ट धरितात. ह्या वादात न्याय कोणत्या बाजूस आहे, हे कोरड्या युक्तिवादाने ठरविण्यापेक्षा एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राच्या आधारे ठरविणे अधिक हितकर, असे आम्हांस वाटते. म्हणून आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या मातापित्यांपुढे आम्ही कै. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे चरित्र संक्षेपाने ठेवीत आहो.

टाटा हे नाव आमच्या विद्यार्थ्यांस नवीन नाही. साताऱ्याच्या रस्त्याने जाणाऱ्या मालमोटारींवर ते दिसते आणि स्वयंपाकघरातील मिठाच्या पुडीवरही दिसते. परंतु ज्या गृहस्थांनी ह्या घराण्याचा कारभार अर्धशतकाहून अधिक काळ वाहिला, त्यांचे मन कारखान्यांइतकेच किंबहुना त्याहून अधिक आकाशात रमत असे, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असेल.

जहांगीरजींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील रतनजी दादाभाई हे प्रख्यात उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे आप्त व भागीदार. मातोश्री सुझान ह्या फ्रेंच होत्या. साहजिकच फ्रेंच ही त्यांची पहिली भाषा होय. बाळपण फ्रान्स, हिंदुस्थान व जपान अशा तीन देशांत विभागून गेले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो नावाचे एक गाव आहे. तेथे टाटा कुटुंबाचे उन्हाळ्यात वास्तव्य असे. योगायोग असा की, १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचेही घर त्याच गावी होते. समुद्राच्या वाळूवर विमाने उतरत व तेथूनच उडत. ते दृश्य पाहणाऱ्या बालकाच्या मनात कोणते बीज पडले असेल हे सांगावयास नको. वयाच्या पंधराव्या वर्षी ह्याच किनाऱ्यावर त्यांस प्रथम विमानात बसण्याची संधी मिळाली, आणि आपण वैमानिक व्हावयाचेच असा निश्चय त्यांनी त्या दिवशी केला. तो पुरा होण्यास मात्र आणखी सुमारे नऊ वर्षे जावी लागली.

फ्रेंच सैन्यात एक वर्षाची सक्तीची नोकरी करून जहांगीरजी १९२५ साली मुंबईस आले व वडिलांच्या इच्छेप्रमाणे टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून राहिले. केंब्रिज येथे जाऊन विद्यार्जन करण्याची त्यांची फार इच्छा होती. परंतु १९२६ साली वडील निवर्तले आणि कुटुंबाचा भार तरुण खांद्यांवर पडला. विश्वविद्यालयाची पदवी त्यांस कधीच घेता आली नाही. ही उणीव त्यांस जन्मभर जाणवत असे, आणि ती भरून काढण्यासाठी ते रात्री पुस्तके घेऊन बसत.

ह्याच काळात त्यांच्याजवळ बुगाटी मोटार होती. आमच्या वाचकांपैकी मोटारींची आवड असणाऱ्यांस हे नाव माहीत असेलच. एत्तोरे बुगाटी ह्या इटालियन गृहस्थाने अल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे १९०९ साली स्थापिलेल्या कारखान्यात ह्या मोटारी होत असत. अंगाने हलकी, यंत्राने बलवान आणि शर्यतीच्या मैदानासाठीच जन्मास आलेली ही गाडी मुंबईच्या रस्त्यांवर म्हणजे गोठ्यात बांधलेला अरबी घोडाच. जहांगीरजी ती भरधाव हाकीत. परिणाम व्हावयाचा तोच झाला. बेफाम वेगाने मोटार हाकल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि बचावासाठी जॅक विकाजी नामक वकिलाकडे धाव घ्यावी लागली. ह्याच वकिलांची पुतणी थेल्मा हिच्याशी त्यांचा परिचय होऊन १९३० साली विवाह झाला. पुष्कळ लोक ही हकीकत विनोदाने सांगतात. आम्ही ती विनोदासाठी दिलेली नाही. थोर पुरुषांच्या चरित्रातील उणी बाजू झाकून ठेविली म्हणजे चरित्र देवळातल्या मूर्तीप्रमाणे निर्जीव होते. चोविशी-पंचविशीतल्या ह्या तरुणाच्या अंगी वेगाची हौस भरपूर होती, पण त्या हौसेस अद्याप वळण लागलेले नव्हते, एवढे येथे लक्षात ठेवावे.

हे वळण त्यांस विमानाने लाविले. मुंबईत विमानविद्येचा क्लब निघताच जहांगीरजी त्यात दाखल झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळाले. हिंदुस्थानात देण्यात आलेले हे पहिलेच प्रमाणपत्र; त्यावर क्रमांक १ असा होता. रस्त्यावर चूक झाली तर गाडी थांबविता येते, खाली उतरून दुरुस्त करिता येते. आकाशात ती सोय नाही. तेथे निघण्यापूर्वीच प्रत्येक खिळा, प्रत्येक नळी, तेलाचा प्रत्येक थेंब तपासावा लागतो. वारा कोणीकडून वाहतो हे पाहावे लागते. आणि स्वतःच्या शरीराची व मनाची परीक्षाही प्रामाणिकपणे करावी लागते. ज्यास ही शिस्त मानवत नाही त्यास आकाश फार दिवस ठेवून घेत नाही. जहांगीरजींनी ही शिस्त अंगी बाणविली आणि ती पुढे साठ वर्षे सोडली नाही.

त्यांच्या मनाचा मोठेपणा दाखविणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. हिंदुस्थान व इंग्लंड ह्यांच्यामधील प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लाविले होते. १९३० साली तीन तरुण ह्या स्पर्धेत उतरले. जहांगीरजी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून कराचीकडे येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे जहांगीरजी उतरले असता हा प्रतिस्पर्धी तेथे अडकून पडलेला दिसला. त्याच्या यंत्रास लागणारे ठिणगीचे प्लग त्याच्याजवळ नव्हते. जहांगीरजींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यास दिले आणि दोघेही आपापल्या दिशेस उडाले. अस्पी काही तासांच्या फरकाने स्पर्धा जिंकला. पुढे हाच मुलगा भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. वेगाची आवड असूनही पुढे जाण्याच्या ईर्षेने ज्याची माणुसकी मागे पडत नाही, तोच खरा खेळाडू होय.

आता त्यांच्या आयुष्यातील मुख्य प्रसंगाकडे येऊ. नेव्हिल व्हिन्सेंट ह्या वैमानिकाच्या साह्याने जहांगीरजींनी टपालाची हवाई वाहतूक सुरू करण्याचे ठरविले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीच्या लहानशा विमानात टपालाच्या थैल्या घेऊन ते स्वतः निघाले. अहमदाबादेस थांबून तेल घेतले. हे तेल चार चार गॅलनच्या डब्यांत भरून बैलगाडीतून विमानापर्यंत आणिले होते! दुपारी ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. वाटेत दिशा दाखविण्यास होकायंत्राखेरीज काही नव्हते. बिनतारी यंत्र नव्हते, जमिनीवरून मार्गदर्शन करणारे कोणी नव्हते. त्या वेळी त्यांचे वय २८ वर्षांचे होते. हिंदुस्थानातील हवाई वाहतुकीचा आरंभ असा झाला. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. म्हणून सारा पसारा पुण्यास हलवून येरवड्याच्या तुरुंगानजीकच्या मैदानावरून विमाने उडवावी लागत. अशा साधनांनिशी पहिल्या वर्षी १५५ उतारूंनी प्रवास केला व ६०,००० रुपये नफा झाला. टपाल मात्र वेळेवर पोहोचत असे.

पुढील इतिहास आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तो शाळेच्या पुस्तकांतून मिळतो. १९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा घराण्याच्या मुख्य संस्थेचे अध्यक्ष झाले. १९४५ साली जमशेदपूर येथे टेल्को ही कंपनी निघाली. तिच्याच मालमोटारी पुढे देशभर धावू लागल्या. १९४६ साली विमान कंपनीचे नाव एअर इंडिया झाले आणि ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून प्रथम लंडनकडे निघाले. १९५३ साली सरकारने हा धंदा आपल्या ताब्यात घेतला. तरी अध्यक्षपदी जहांगीरजींसच ठेविले. हे काम ते वेतन न घेता करीत. विमानातून प्रवास करिताना खुर्चीचे कापड, चहाचा रंग, पडद्याची घडी, काउंटरवरील धूळ, अशा बारीकसारीक गोष्टींची टिपणे करून ती ते अधिकाऱ्यांस धाडीत. बुगाटी हाकणाऱ्या तरुणाचे हे रूपांतर पाहण्यासारखे आहे. वेगाची आवड तीच; परंतु ती आता तपशिलाच्या काळजीत मुरली होती.

पहिल्या उड्डाणास ३० वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १५ ऑक्टोबर १९६२ रोजी, ५८ वर्षांच्या जहांगीरजींनी कराची ते मुंबई हा प्रवास लहान विमानातून स्वतः पुन्हा केला. ज्या वयात पुष्कळ माणसे निवृत्तीचे अर्ज लिहितात, त्या वयातील हे साहस लोकांस पुरेसे वाटले. परंतु नियतीच्या मनात आणखी एक परीक्षा होती. फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने त्यांस एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. ज्या रोपास स्वहस्ते पाणी घालून वृक्ष केले, त्याच्या सावलीतून वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी उठावे लागले. वृद्ध माणसास शरीराच्या दुबळेपणाहून अधिक दुःख देणारी गोष्ट कोणती असेल, तर ती म्हणजे आता आपली कोणास गरज नाही ही जाणीव. आमच्या वाचकांच्या घरी जे आजोबा मोटारीची किल्ली सोडावयास तयार नसतात, त्यांच्याही मुठीत किल्लीपेक्षा हीच गोष्ट घट्ट धरलेली असते. १९८० साली जहांगीरजींस संचालक मंडळावर परत घेण्यात आले. अध्यक्षपद मात्र दुसऱ्यांकडे राहिले.

अशा स्थितीत १९८२ साल उजाडले. पहिल्या उड्डाणास ५० वर्षे पूर्ण होत होती. जहांगीरजी ७८ वर्षांचे होते. विमान होते लेपर्ड मॉथ जातीचे. ह्या जातीची विमाने इंग्लंडमध्ये १९३३ ते १९३६ ह्या काळात बांधली गेली, म्हणजे तेही वृद्धच म्हणावयाचे. एक यंत्र, तीन माणसांपुरती जागा आणि लाकूड-कापडाचे पंख. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी हा वृद्ध वैमानिक त्या वृद्ध विमानात बसून कराचीहून उडाला. पन्नास वर्षांपूर्वी कराची व मुंबई एकाच देशात होत्या. आता मधून सरहद्द गेली होती. जुनाच मार्ग, जुनेच थांबे, आणि शेवटी जुहूचे तेच मैदान. विमान सुखरूप उतरले. हा खटाटोप कशासाठी, असे त्यांस विचारण्यात आले तेव्हा त्यांनी जे सांगितले त्याचा भावार्थ असा होता, की देशातील तरुण मंडळी निराश झालेली दिसते. अडचणी असूनही एखादे काम जीव ओतून उत्तम करण्यात आनंद असतो, एवढे त्यांस दाखवावे. स्वतःचा पराक्रम मिरविण्याचा हेतू त्यात नव्हता.

आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. ह्या उदाहरणावरून प्रत्येक वृद्धाने वेगवान यंत्र हाती धरावे असे आम्ही म्हणतो काय? मुळीच नाही. वय वाढले की दृष्टी मंद होते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांपुढे अंधारी आणितात. मान वळविणे जड जाते. आणि धोका दिसल्यापासून पाय रोधकावर पडेपर्यंतचा क्षण लांबतो. यंत्र जितके वेगवान तितका तो क्षण महाग. म्हणूनच आपल्या देशाच्या कायद्याने चाळिशी उलटलेल्या अर्जदारास डॉक्टरांचा दाखला आवश्यक केला आहे आणि पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच पाच वर्षांनीच नवा करून दिला जातो. कायद्याने वयाची वरची मर्यादा मात्र घातलेली नाही. ह्यात शहाणपण आहे. वर्षे मोजून माणसाची पात्रता ठरत नाही. डोळे, हात व विवेक तपासून ती ठरते.

इटलीतील तात्सिओ नुव्होलारी हे शर्यतीच्या मोटारी हाकणारे जगद्विख्यात गृहस्थ होते. दोन्ही पुत्र तरुणपणी निवर्तले, यंत्रांच्या धुराने फुप्फुसे जर्जर झाली. तरी १९४८ साली वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते हजार मैलांच्या शर्यतीत फेरारी मोटार घेऊन उतरले. गाडीचे झाकण उडाले, चाकावरचा पत्रा गळून पडला, तरीही सर्वांच्या पुढे होते. अखेर गाडीच मोडली आणि त्यांस थांबावे लागले. १९५० साली ते शेवटच्या शर्यतीत उतरले व १९५३ साली वारले. त्यांचे धैर्य अलौकिक खरे. परंतु ते वाचताना मनात हळहळ उत्पन्न होते. जहांगीरजींचे उड्डाण वाचताना ती होत नाही. दुखावलेल्या शरीरास वेगाच्या जोरावर विसरू पाहणे निराळे, आणि जपलेल्या शरीराचा जाणूनबुजून एका सत्कार्यासाठी उपयोग करणे निराळे.

शरीर जपण्याच्या बाबतीत तर दूर जावयास नको. आमच्याच तालुक्यातील औंध येथील अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आरंभिलेला सूर्यनमस्काराचा नेम वृद्धपणीही चालविला व शाळाशाळांतून त्याचा प्रसार केला. वार्धक्यातील सामर्थ्य वार्धक्यात मिळत नसते. ते तारुण्यात पेरावे लागते. जहांगीरजीही साठी उलटल्यावर बर्फावरून घसरण्याचा कठीण खेळ खेळत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जे हात विमानाच्या दांड्यावर स्थिर राहिले, ते पन्नास वर्षांच्या अभ्यासाने स्थिर झाले होते.

१९९२ साली भारत सरकारने जहांगीरजींस भारतरत्न ही पदवी अर्पण केली. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले व पॅरिसमधील पेर लाशेझ येथील दफनभूमीत त्यांचा देह विसावला. ज्या नगरीत जन्म झाला तेथेच शेवट. मधली सारी वर्षे मात्र ह्या देशाची.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात मोटारसायकलचा कान पिळून पुसेगावच्या रस्त्याने वाऱ्याशी स्पर्धा करण्याची इच्छा आजच उसळत असेल. बुगाटी हाकणाऱ्या जहांगीरजींसही तशीच इच्छा होती, आणि तिने त्यांस वकिलाच्या दारी नेले, हे विसरू नका. वेग हा शत्रू नव्हे. परंतु तो दासही नव्हे. तो कुशल माणसाचा मित्र होतो व उतावळ्याचा काळ होतो. ज्यास अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उडावयाचे असेल, त्याने अठराव्या वर्षी रस्त्यावर जीव गमावून चालणार नाही.

आणि पालकहो, घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या हातून किल्ली काढून घेण्यापूर्वी त्यांचे डोळे तपासून आणा, त्यांच्याशेजारी बसून एकदा साताऱ्यापर्यंत जाऊन या, आणि मगच निर्णय करा. हात स्थिर असतील तर त्यांस दिवसाउजेडी, मोकळ्या रस्त्याने, खुशाल जाऊ द्या. हात थरथरत असतील तर किल्ली मागा. परंतु मागताना दुसरे एखादे जबाबदारीचे काम त्यांच्या हाती द्यावयास विसरू नका. रिकामी मूठ वृद्धास फार जड जाते. त्याचप्रमाणे ज्यांस आपली दृष्टी अधू झाल्याचे स्वतः कळून येते व जे कोणी न सांगता किल्ली खुंटीस अडकवितात, त्यांचा विवेकही जुहूस सुखरूप उतरणाऱ्या वैमानिकाच्या विवेकाहून कमी प्रतीचा नव्हे, असे आम्ही मानतो. केव्हा उडावे हे जसे वैमानिकास कळावे लागते, तसे केव्हा उतरावे हेही कळावे लागते.